वाचक विचारतात : ग्रंथालय कोणासाठी?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, बदलत्या काळात आपल्या गावातील ग्रंथालयापुढे कोणते प्रश्न उभे आहेत. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ग्रंथालये चालवणाऱ्या कार्यवाहांची आणि ग्रंथपालांचीच होती. इमारत, संगणक, अनुदान यांविषयी त्यांनी लिहिले आहेच. परंतु या व्यवहारांमागे कोणते तत्त्व धरून चालावे, ही चिंता बहुतेक पत्रांत दिसते. त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. देवघेवीच्या टेबलामागे एकतीस वर्षे बसल्यावर मला जे उमगले, त्याच आधाराने ही उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयात पहाटेपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली बसलेली असतात. ती आमची पुस्तके घेत नाहीत, स्वतःची घेऊन येतात. जुने सभासद नाराज आहेत. दुसरीकडे, बालविभाग बंद करून ती खोलीही अभ्यासिकेला जोडावी, म्हणजे मासिक शुल्क वाढेल, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे. कोणाचे ऐकावे? (कार्यवाह, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अभ्यासिकेत बसणारी मुले ही वाचनालयाची 'खरी' वाचक आहेत का, हा पहिला. आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणाची जागा काढून घ्यावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी निःशंकपणे 'होय' असे देईन, आणि दुसऱ्याचे तितक्याच निःशंकपणे 'नाही' असे.

शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. त्यांनी ग्रंथालयाची जी पाच सूत्रे मांडली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, त्यांतील पहिले सूत्र 'ग्रंथ हे उपयोगासाठी असतात' एवढेच आहे. आज ते वाक्य कोणालाही बाळबोध वाटेल, परंतु ज्या काळात ते लिहिले गेले त्या काळात पुस्तके कुलूपबंद कपाटात सुरक्षित राहणे हीच ग्रंथपालाच्या कर्तबगारीची खूण समजली जात असे. कुलूप उघडायचे म्हणजे येणाऱ्या माणसाची गरज काय आहे हे पाहायचे, आणि ती आपल्या अपेक्षेप्रमाणे नसली तरी तिला कमी लेखायचे नाही. ज्या मुलीच्या घरात एकच खोली आहे, जिथे दूरदर्शन संच चालू असतो आणि धाकटी भावंडे खेळत असतात, तिला तुमच्याकडची शांतता, दिवा, पंखा आणि टेबल हवे आहे. कादंबरी मागणाऱ्या सभासदाला आपण 'ही कशासाठी वाचता?' असे विचारत नाही; तसेच या मुलीलाही विचारू नये.

जुन्या सभासदांची नाराजीही समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रातील नगरवाचनालये ही फार जुनी संस्था आहे. रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकाराने पुण्यात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' १८४८ साली निघाली, आणि त्याच वर्षी त्याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. ही दोन्ही दारे उघडली तेव्हा त्यांतून आत येणारी माणसे एकमेकांपासून फार दूर होती. पहिल्या दारातून प्रामुख्याने वर्गणी भरू शकणारा, आधीच शिकलेला पुरुष येत होता. आज तुमच्या अभ्यासिकेत शेतमजुराची मुलगी पहिल्या रांगेत बसत असेल, तर ती दोन दारे एक झाली आहेत, आणि याचा अभिमान जुन्या सभासदांनाही वाटायला हरकत नाही. त्यांना हवी ती सोय, म्हणजे वर्तमानपत्रे निवांत चाळण्यासाठी आणि दोन शब्द बोलण्यासाठी वेगळा कोपरा, अवश्य करून द्यावी.

बालविभाग मात्र बंद करू नका. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, जे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, यांनी आपल्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेऊन मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून फिरणारी प्रवासी ग्रंथालये अशी साखळी उभी करायला घेतली. या दोन निर्णयांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर ती ओळख काही वर्षांत पुसट होते. बालविभाग बंद केल्यास आज काही रुपये अधिक जमा होतील, परंतु आणखी दहा वर्षांनी त्या अभ्यासिकेत येणारे मूल परीक्षेपलीकडचे पुस्तक हातात धरायलाच शिकलेले नसेल. जागा खरोखरच अपुरी असेल, तर वेळेची विभागणी करावी : दुपारी चार ते सहा ती खोली मुलांची, आणि त्या वेळेत तिथे आवाज होणारच, हे सर्वांनी मान्य करावे. अभ्यासिकेतील एखाद्या ताईला त्या दोन तासांत गोष्ट वाचून दाखवायला सांगून पाहा. मी हे करून पाहिले आहे, आणि परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेल्या त्या मुलीलाच त्याचा अधिक आनंद झालेला पाहिला आहे.

प्रश्न : एका सभासदाने आपली वीस वर्षांची मुलगी कोणती पुस्तके नेते, याची यादी मागितली. गाव लहान आहे, ते गृहस्थ आमचे देणगीदारही आहेत. मी यादी दिली नाही, पण मनात धाकधूक आहे. माझे चुकले का? (ग्रंथपाल, लातूर जिल्हा)

उत्तर : आपले मुळीच चुकले नाही. आपण एकट्याने आणि कोणाचा आधार नसताना जे केले, ते या व्यवसायातील अत्यंत महत्त्वाच्या तत्त्वांपैकी एकाचे पालन होते. मुलगी सज्ञान आहे. तिचे वाचन हा तिचा खासगी विषय आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालात ग्रंथालयाचा प्रश्न नव्हता, हे खरे. पण माणूस काय वाचतो यावरून तो काय विचार करत आहे, कशाला घाबरत आहे, कोणत्या आजाराची किंवा कोणत्या नात्याची त्याला चिंता आहे, हे जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळत असेल. आपले वाचन कोणी पाहत आहे असे वाटले की वाचक ते पुस्तक कपाटातून काढतच नाही. मग पुस्तक तिथे असून नसल्यासारखे.

येथे एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तत्त्वाचे पालन पुष्कळदा नोंदवहीच्या रचनेवर अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुसंख्य लहान वाचनालयांत प्रत्येक सभासदाच्या नावाचे एक पान असते आणि नेलेल्या पुस्तकांची नोंद त्यावर खाली खाली होत जाते. पुस्तक परत आले की ओळ खोडली जाते, पण वाचता येते. वीस वर्षांचा वाचनेतिहास त्या वहीत कायम राहतो. याउलट ब्राऊन पद्धतीत वाचकाच्या नावाच्या कागदी खिशात पुस्तकाचे कार्ड ठेवले जाते, आणि पुस्तक परत येताच कार्ड पुस्तकात व खिसा वाचकाकडे जातो. त्या क्षणी दोघांचा संबंध संपतो आणि मागे काही उरत नाही. मी उमेदवारी करत होतो तेव्हा ही पद्धत आम्हाला केवळ झटपट म्हणून शिकवली होती; ती वाचकाची गुपिते राखते, हे पुढे अनुभवाने कळले. संगणक आल्यावर आपण नकळत पुन्हा त्या जुन्या वहीकडे गेलो आहोत, कारण संगणक काहीच विसरत नाही. 'कोहा'सारख्या प्रणालीत परत आलेल्या पुस्तकांवरून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय आहे. आपली प्रणाली कोणतीही असो, तशी सोय आहे का हे पुरवठादाराला विचारावे आणि असल्यास ती चालू करून घ्यावी. किती पुस्तके गेली, कोणत्या विषयाची गेली, हे आकडे अहवालासाठी पुरेसे असतात. कोणी नेली, हे लागत नाही.

मागणी सरकारी यंत्रणेकडून आली तर? अमेरिकेतील कनेटिकट राज्यात २००५ साली केंद्रीय तपास संस्थेने ग्रंथालयाच्या संगणक वापराची माहिती न्यायालयाच्या आदेशाविना मागितली, आणि ही मागणी झाली आहे हे कोणाला सांगण्यासही मनाई केली. चार ग्रंथपालांनी नकार दिला आणि ते न्यायालयात गेले. पुढच्या वर्षी ती मनाईही उठली आणि मागणीही मागे घेतली गेली. आपल्याकडे एवढा प्रसंग येईलच असे नाही, परंतु लेखी आणि कायदेशीर आदेशाखेरीज कोणाच्याही वाचनाची माहिती दिली जाणार नाही, असा ठराव कार्यकारी मंडळाने आजच करून ठेवावा. मग पुढच्या वेळी देणगीदारांना 'मी देणार नाही' असे म्हणण्याचा भार आपल्या एकट्यावर पडणार नाही. 'मंडळाचा ठराव आहे' एवढे पुरेल. मूल लहान असेल तेव्हा पालकांचा प्रश्न वेगळा असतो, आणि त्यांच्याशी मुलाच्या आवडीविषयी मोकळेपणाने बोलणे योग्यच आहे.

प्रश्न : काही मंडळींनी येऊन एक पुस्तक कपाटातून काढून टाकण्यास सांगितले. त्यांच्या मते त्यात आमच्या श्रद्धास्थानाचा अवमान आहे. पुस्तकावर सरकारी बंदी नाही. वाद नको म्हणून मी ते आतल्या खोलीत ठेवले आहे. (ग्रंथपाल, विदर्भ)

उत्तर : आपली भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला, आणि पुस्तके, हस्तलिखिते व कपाटे यांची नासधूस झाली. एका पुस्तकावरच्या रागाची किंमत शेकडो वर्षे जपलेल्या, त्या वादाशी कसलाही संबंध नसलेल्या ग्रंथांना मोजावी लागली. ज्यांनी ती छायाचित्रे पाहिली आहेत, त्यांना ग्रंथपालाच्या पोटातील गोळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही आतली खोली हे उत्तर नव्हे. बंदी घालण्याचा अधिकार कायद्याने शासनाला दिला आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८ यांनुसार शासन एखादे प्रकाशन जप्त झाल्याचे जाहीर करू शकते, आणि त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. म्हणजे तिथे आदेश आहे, कारणे आहेत, दाद मागण्याची जागा आहे. ग्रंथपालाने गुपचूप पुस्तक हलवले तर यांपैकी काहीच उरत नाही. ते पुस्तक मागायला येणाऱ्या वाचकाला ते आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांना दटावू नका, त्यांना बसवून पाणी द्या आणि आक्षेप लेखी मागा : कोणते पान, कोणते वाक्य, आक्षेप काय, आणि आपण संपूर्ण पुस्तक वाचले आहे का. अर्ज मंडळापुढे ठेवा आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर राहू द्या. त्याच विषयावरचे दुसऱ्या बाजूचे पुस्तक आपल्याकडे नसेल तर ते मागवा, आणि ते मागवले आहे हे त्या मंडळींना कळवा. ग्रंथालय प्रत्येक पुस्तकाशी सहमत असते, अशी समजूत करून घेऊन लोक रागावतात. कपाटात एकमेकांचे खंडन करणारी पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात, हे त्यांना प्रत्यक्ष कपाटापाशी नेऊन दाखवले, तर सर्वांचे नाही तरी काहींचे समाधान होते, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक निवडताना नकार देणे हा मात्र वेगळा विषय आहे. पैसा थोडा असतो, जागा थोडी असते, आणि सुमार पुस्तक न घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आपण स्वतःला एवढेच विचारावे : हे पुस्तक मी वाचकांच्या गरजेचा विचार करून नाकारतो आहे, की कोणी येऊन ओरडेल म्हणून?

प्रश्न : घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावरच्या कुटुंबांतील मुलांना सभासद करून घ्यायचे आहे. अनामत आणि रहिवासाचा पुरावा या दोन्ही अटींवर गाडी अडते. नियम मोडावेत का? (कार्यकर्ती, पुणे परिसर)

उत्तर : नियम मोडू नका, बदलून घ्या. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा १९४९ साली निघाला आणि पुढे १९७२, १९९४ व २०२२ साली नव्याने मांडला गेला. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः निःशुल्क असावी, असे तो सांगतो. आपल्याकडे तसे झाले नाही, याचे कारण कायद्याच्या घडणीत आहे. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी स्थानिक कराची तरतूद केली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात मात्र ग्रंथालय कर नाही. लोकांनी संस्था काढावी, वर्गणी गोळा करावी आणि शासनाने वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे खेडोपाडी हजारो वाचनालये उभी राहिली, हे तिचे मोठे यश. परंतु जो वर्गणी आणि अनामत भरू शकत नाही, तो दाराबाहेर राहतो, ही तिची उणीवही तितकीच खरी आहे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला हरवलेले पुस्तक स्वतःच्या खिशातून भरून द्यावे लागेल अशी भीती असते. त्याच्या कडकपणामागे पुष्कळदा ही भीती असते, हेही आपण लक्षात घ्यावे.

उपाय असा : अनामतीऐवजी एका जुन्या सभासदाची किंवा मुलाच्या शिक्षकाची लेखी हमी घ्यावी. रहिवासाचा पुरावा नसेल तर शाळेचा दाखला किंवा बांधकामावरील मुकादमाचे पत्र चालावे. सुरुवातीला एका वेळी एकच पुस्तक द्यावे. वर्षाकाठी ठरावीक पुस्तके हरवणार हे गृहीत धरून मंडळाने अंदाजपत्रकात तेवढी रक्कम बाजूला ठेवावी आणि ग्रंथपालावर वसुली लावली जाणार नाही, असे लेखी द्यावे. आणि जे मूल अजून सभासद झालेले नाही, त्यालाही वाचनकक्षात बसून पुस्तक हातात घेता आले पाहिजे; बसण्यासाठी अनामत लागत नाही.

प्रश्न : आम्ही सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर पुस्तकांच्या पीडीएफ पाठवतो. ज्ञान सर्वांना मोफत मिळावे हाच हेतू आहे. यात गैर काय? (ग्रंथालय कर्मचारी, रायगड जिल्हा)

उत्तर : हेतू चांगला आहे, कृती बेकायदा आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्व हक्क असतो. १९५० साली निधन झालेल्या लेखकाचे मराठी लेखन २०११ पासून सर्वांना खुले झाले, ते अवश्य पाठवा. मात्र अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, हे तपासून घ्या. मराठीत पुस्तकाच्या आवृत्त्या लहान असतात. ज्या लेखकांवर आपले प्रेम आहे, त्यांच्याच ताटातला घास या मार्गाने जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या संग्रही असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. त्याच दुरुस्तीने अंध व अन्य अपंग वाचकांसाठी पुस्तक ध्वनिरूपात किंवा ब्रेलमध्ये आणण्याची वाटही मोकळी केली. आपल्या गटातील उत्साही सभासदांना त्या ध्वनिमुद्रणाच्या कामाला लावा. मराठीत त्याची फार मोठी गरज आहे.

प्रश्न : जुनी, कोणीही न नेणारी पुस्तके आणि अंक रद्दीत द्यायचे आहेत. ज्येष्ठ सभासदांना हे पाप वाटते. (सहकार्यवाह, कोकण)

उत्तर : पाप नाही. रंगनाथनांच्या पाचव्या सूत्राप्रमाणे ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, आणि नव्यासाठी जागा करावीच लागते. कालबाह्य मार्गदर्शके, रद्द झालेल्या कायद्यांच्या जुन्या आवृत्त्या, एकाच कादंबरीच्या पाच झिजलेल्या प्रती रीतसर बाद कराव्यात. यादी मंडळाकडून मंजूर करून घ्यावी आणि दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे तशी नोंद करावी.

मात्र तीन गोष्टींना हात लावण्यापूर्वी थांबावे : आपल्या तालुक्यात छापलेले काहीही, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका व अहवाल, आणि जुने दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेतील कितीतरी अंक आज मोठ्या शहरांतील संग्रहांतही पूर्ण मिळत नाहीत, आणि ते अनपेक्षितपणे एखाद्या गावच्या वाचनालयातील माळ्यावर सापडतात. कोकणात दमट हवेमुळे ते आधीच नाजूक झालेले असतात, म्हणून भिंतीपासून दूर, वारा लागेल अशा कपाटात ठेवावेत. कोणीही न नेलेले पुस्तक कोणते, हेही केवळ नोंदवहीवरून ठरवू नये, कारण पुष्कळ वाचक ते तिथेच बसून वाचतात. बाद करायच्या पुस्तकांची यादी महिनाभर फलकावर लावावी, आणि रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी गावातील निवृत्त शिक्षकांना एक दुपार त्या ढिगापाशी बसवावे.